वीस गुणांची सुकेळी

प्रति,
संचालक, बालभारती, पुणे;
अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे, आणि वाशीचे मुंबई विभागीय मंडळ;
तसेच वसई, नालासोपारा व विरार येथील कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य आणि वाणिज्य विभागाचे प्रमुख

महोदय,



‘पुस्तपालन व लेखाकर्म’ हा अकरावी-बारावीचा विषय मुलांच्या तोंडी बी.के. आहे. त्याची लेखी परीक्षा ८० गुणांची, आणि २० गुण प्रकल्पाचे. हे पत्र त्या २० गुणांपुरतेच आहे. ८० गुणांना हात लावा असे मी म्हणत नाही. तो वाद मोठा आहे आणि तो सुरू केला की पुढची दहा वर्षे समित्याच बसतात.

प्रकल्प कसा होतो हे आपल्याला ठाऊक असेलच. नसेल तर जानेवारीत एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धा तास उभे राहावे. गेल्या वर्षीच्या दादाची किंवा ताईची फाइल येते, नाव बदलते, मुखपृष्ठावर चमकीच्या पेनाने शीर्षक चढते, आत एखाद्या बड्या कंपनीचा ताळेबंद चिकटवला जातो. ज्याने चिकटवला त्याने तो वाचलेला नसतो, आणि ज्याने तपासायचा त्याच्यापुढे तसल्या ऐंशी फाइलींचा ढीग असतो. सगळ्यांना भरघोस गुण मिळतात, कोणाचीच तक्रार येत नाही. तक्रार नाही म्हणूनच इकडे कोणी बघितलेले नाही.

मी वसईत हा विषय शिकवून निवृत्त झालो. मुले बी.के.त अडखळतात ती बेरजांमुळे नव्हे, हे कोणताही शिक्षक सांगेल. बेरीज-वजाबाकी त्यांना येते, नियमही पाठ असतात. घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे जमा. येते ते नावे, जाते ते जमा. खर्च आणि तोटे नावे, उत्पन्न आणि नफे जमा. झोपेतून उठवून विचारले तरी म्हणतील. पण त्याच मुलाच्या हातात आईच्या बचत खात्याचे पासबुक द्या आणि विचारा, ‘आपण बँकेत पैसे भरले, मग आपल्या वहीत बँकेचे खाते नावे आणि इथे पासबुकात जमा, असे का?’ वर्ग गप्प होतो. पासबुक ही बँकेची वही आहे, तिथे आपण बँकेचे धनको आहोत, हे वाक्य मी फळ्यावर अनेकदा लिहिले. मुलांनी ते उतरवूनही घेतले. कळले मात्र तेव्हाच, जेव्हा वर्गातल्या एका बाकावर दुकान मांडले, दुसऱ्यावर बँक मांडली आणि दोन्हीकडच्या मुलांना आपापली वही लिहायला लावली. बँकेत भरलेल्या एकाच दोन हजारांवरून दोन्ही बाके भांडायला लागली. भांडणात दोघेही बरोबर होते.

हिशेबात दोन गोष्टी डोळ्यांना दिसाव्या लागतात. एक, कोणताही व्यवहार एका पायावर उभा राहत नाही. दुसरी, नफा आणि रोकड ही दोन वेगळी जनावरे आहेत. पुस्तकात दोन्ही गोष्टी छापलेल्या आहेत, पण छापील वाक्य हाताने हलवता येत नाही. हातात धरून हलवता येईल असे काहीतरी हवे. त्यासाठी संगणक लागत नाही, कार्डशीट, दोन रंगांचे कागद आणि थोडे चिंचोके पुरतात.

पट असा करायचा. मधोमध एक रेघ. डावीकडे दोन घरे, मालमत्ता आणि खर्च. उजवीकडे तीन घरे, देणी, भांडवल आणि उत्पन्न. रोकड म्हणजे चिंचोके, बाकी सगळे चिठ्ठ्यांवर. डावीकडच्या चिठ्ठ्या पिवळ्या, उजवीकडच्या गुलाबी. खेळाचा नियम एकच. एकट्या वस्तूला हात लावायचा नाही. एका चालीत किमान दोन ठिकाणी बदल झाला पाहिजे आणि चाल संपली की रेघेच्या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली पाहिजे. चाल झाली की तीच रोजकीर्दीत लिहायची, मगच पाळी पुढच्याकडे.

आता धंदा. आमच्याकडे आगाशी, निर्मळ, भुईगाव या पट्ट्यात सुकेळी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि मग ती जत्रेच्या दुकानांत, बाजारात जायची. पाठ्यपुस्तकातले श्री. अबक ‘माल’ विकतात. तो माल कसला, त्याला वास कसला, पाऊस लागला तर त्याचे काय होते, काही कळत नाही. सुकेळीचे सगळे कळते.

चार मुलांचा गट २०,००० रुपये भांडवल घालतो. रोकड डावीकडे, भांडवलाची गुलाबी चिठ्ठी उजवीकडे. वाळवणाचे मांडव आणि जाळ्या ६,००० रुपयांना रोखीने. दोन्ही हालचाली डावीकडेच, चिंचोके कमी आणि पिवळी चिठ्ठी जास्त, बेरीज तीच. इथे पहिला प्रश्न येतो, ‘सर, पैसे गेले तरी आपण गरीब झालो नाही?’ मग १५,००० रुपयांची केळी, त्यातले ५,००० रोख आणि १०,००० वाडीवाल्याकडून उधार. मजुरी ४,००० रोख. केळी वाळली, सगळी सुकेळी २४,००० रुपयांना गेली. पण जत्रेतल्या दुकानदाराने हातावर ठेवले ६,०००, बाकीचे १८,००० नंतर देईन म्हणाला. तेवढ्यात वाडीवाला आपले १०,००० मागायला आला आणि घेऊन गेला. मांडवाचा या हंगामाचा घसारा ६००.

पट जसा आहे तसा उतरवून काढला की तेरीज पत्रक तयार. डावीकडे रोकड १,०००, ऋणको १८,०००, मांडव ५,४००, खरेदी १५,०००, मजुरी ४,०००, घसारा ६००. उजवीकडे भांडवल २०,००० आणि विक्री २४,०००. दोन्हीकडे ४४,०००. मग खर्चाच्या आणि उत्पन्नाच्या घरातल्या चिठ्ठ्या उचलायच्या आणि त्यांच्यातला फरक भांडवलावर ठेवायचा. तो फरक म्हणजे ४,४०० रुपये नफा. पटावर जे उरले तो ताळेबंद, दोन्ही बाजूंना २४,४००.

मुले टाळ्या वाजवतात. आणि मग मास्तरने पुढच्या चालीचे कार्ड काढायचे: नव्या हंगामाची मजुरी ४,००० आगाऊ द्या. हातात चिंचोके हजाराचे. नफा चार हजार चारशे आणि मजुरीला पैसे नाहीत! नफा-तोटा पत्रक शिकवताना ज्या ठिकाणी मुलांची मान खाली असते, तिथे सगळे उभे राहून बोलायला लागतात. कोणी म्हणते दुकानदाराला फोन करा, कोणी म्हणते बँकेच्या बाकावर जाऊन कर्ज काढा, कोणी म्हणते पुढच्या वेळी उधारीवर द्यायचेच नाही. मग त्याला दुसरा विचारतो, ‘उधार नाही दिले तर तो दुसऱ्याकडून घेईल, मग?’ वसईतली निम्मी घरे कधी ना कधी असल्या प्रश्नापुढे उभी राहिलेली असतात. मुलांना ते घरी ऐकू आलेले असते, फक्त वर्गात कोणी विचारलेले नसते.

पुढच्या फेरीत अवकाळी पावसाचे कार्ड ठेवावे. मांडवावरची सुकेळी काळी पडली, आता ती अर्ध्या भावातही कोणी घेईना. अखेरचा मालसाठा खरेदीच्या किमतीला दाखवायचा की येईल त्या भावाला? ‘खर्च किंमत वा बाजार किंमत, यांतील जी कमी असेल ती’ ही पुस्तकातली ओळ मग कोणी पाठ करत बसत नाही. मालकाने घरी खायला सुकेळी नेली तर ती उचल. तीही पटावरून उचलूनच न्यायची, पिशवीत घालून.

सुकेळी झाली की समुद्राकडे वळावे. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा इथली मुले तुमच्या वर्गात आहेत. मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. बोट किनाऱ्यावर ओढलेली, विक्री शून्य, आणि कर्जाचे व्याज, बोटीचा घसारा, जाळ्यांची दुरुस्ती चालूच. दोन महिने उत्पन्नाच्या घरात एकही गुलाबी चिठ्ठी पडत नाही. खर्च ज्या काळाचा त्या काळात लिहायचा, हे तत्त्व शिकवायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. बारावीच्या भागीदारीच्या प्रकरणांनाही हीच बोट चालते. मालकाचा वाटा, खलाशांचा वाटा, नवा भागीदार आला, जुना निवृत्त झाला. ख्याती म्हणजे काय, हा बारावीतला सगळ्यात धुक्यातला शब्द. पण अमक्याच्या बोटीची मासळी लिलावात आधी उचलली जाते हे कोळीवाड्यातल्या मुलाला माहीत असते, आणि त्या बोटीत वाटा घेणाऱ्याने जास्त पैसे का मोजावेत हेही.

बँक जुळवणी पत्रकासाठी मघाचाच बँकेचा बाक वापरावा. धनादेश लिफाफ्यात घालून द्यायचा आणि लिफाफा दोन फेऱ्यांनंतरच उघडायचा. दुकानाच्या वहीत नोंद आजची, बँकेच्या वहीत परवाची. बँकेने आकारलेले शुल्क दुकानाला पासबुक पाहिल्याशिवाय कळतच नाही. वसईला १९१८ साली उभी राहिलेली सहकारी बँक आजही आहे, पतसंस्था आहेत, बचत गट तर गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यातला एखादा अधिकारी किंवा एखाद्या गटाची सचिव ताई वर्षातून एकदा तासाभरासाठी त्या बाकावर येऊन बसली तर मला नाही वाटत कोणी नाही म्हणेल. प्राचार्यांनी नुसते पत्र टाकावे.

हे सारे काही माझ्या डोक्यातून निघालेले नाही. जपानमध्ये सोनी कंपनीने १९७६ मध्ये आपल्या लोकांसाठी ‘मॅनेजमेंट गेम’ नावाचा पटावरचा खेळ तयार केला. त्यात प्रत्येकजण स्वतःची कंपनी चालवतो आणि वर्षअखेरीचे हिशेब स्वतःच्या हाताने करतो. अमेरिकेत १९८९ मध्ये लेखाशिक्षणाच्या एका नियतकालिकात एका प्राध्यापकाने मोनॉपॉलीच्या डावाचेच हिशेब विद्यार्थ्यांकडून ठेवून घेण्याचा प्रयोग मांडला. छापील सरावसंचाऐवजी मुलांनी आपण खेळलेल्या डावाची पुस्तके लिहायची. आपल्याकडे ‘व्यापार’ नावाने हाच पट घराघरांत सुट्टीत उघडला जातो, पण खेळताना हिशेब कोणी लिहीत नाही.

मोनॉपॉलीच्या गोष्टीत एक इशाराही आहे. तिचा मूळ पट लिझी मॅगी या बाईंनी काढला, १९०४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. जमीन मूठभरांच्या हाती गेली की बाकीच्यांचे काय होते, हे लोकांना दाखवावे असा त्यांचा हेतू होता. लोक शिकले ते उलटेच, कारण शेवटी जिंकायचा तो सगळी जमीन गिळणारा. खेळ तेच शिकवतो ज्याला तो गुण देतो. जागा घ्या, बांधा, भाडे खा, हा खेळ वसई-विरारमध्ये पटावर शिकवायची तशीही गरज नाही. म्हणून सुकेळीच्या डावात सगळ्यात जास्त नफा करणारा गट जिंकत नाही. ज्याची पुस्तके बरोबर, तो जिंकतो. तोट्यात गेलेल्या गटाने तोटा नीट लिहिला असेल तर पहिला नंबर त्याचा.

आता आक्षेप. अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, वर्गात ऐंशी-शंभर मुले, बाके जमिनीला ठोकलेली, गोंगाट झाला तर शेजारच्या वर्गातून निरोप येतो. हे सगळे खरे आहे. विज्ञान शाखेला प्रयोगशाळा आहे, प्रात्यक्षिकाच्या तुकड्या आहेत, वेळापत्रकात जोडतास आहेत. वाणिज्य शाखेच्या वाट्याला खडू आणि डस्टर. बी.के.ला महिन्यातून एक जोडतास आणि अर्धी तुकडी द्या एवढेच मागतो. जागेचा प्रश्न जास्त करून वेळापत्रक लावणाऱ्याच्या इच्छेचा असतो. आणि खेळाने सगळे होईल असेही नाही. शेअर जप्त करून पुन्हा विकल्याची नोंद कोणी खेळून शिकणार नाही, ती वहीवर घोटावीच लागते. चुकांची दुरुस्ती, एकेरी नोंद, इथेही पेन हवेच. खेळ पहिल्या पाच-सहा प्रकरणांचा पाया घालतो. पुढची भिंत नेहमीच्याच पद्धतीने चढते.

‘त्यापेक्षा टॅली शिकवा,’ असेही कोणी म्हणेल. टॅली जरूर शिकवावे, वालीवच्या किंवा गोखिवऱ्याच्या गाळ्यात नोकरी मागायला गेलेल्या मुलाला पहिला प्रश्न तोच येतो. पण तिथे एक नोंद टाकली की खातेवही, तेरीज, ताळेबंद आपोआप तयार होतात. ज्याने ते एकदा हाताने केले आहे त्याला ही सोय वाटते. ज्याने केलेले नाही त्याला पडद्यावर जे येईल ते खरे वाटते. क्लासमध्ये टॅलीचे प्रमाणपत्र घेऊन आलेली आणि घसारा कोणत्या बाजूला लिहायचा हे न सांगता येणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांचा दोष नाही.

मला सगळ्यात खटकते ते वेगळेच. वस्तू हातात देऊन शिकवायचे ही गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. शिंपले, बिया, पाने, खडे, जे आसपास पडलेले असेल तेच साधन. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात, गुरे राखायला गेलेल्या पोरांसाठी कुरणावर. तेव्हाचा ठाणे जिल्हा तो, १ ऑगस्ट २०१४ पासूनचा आपला पालघर. पुढे साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी हाताने करून शिकण्याचा असा धडाका लावला की राज्यभरचे शिक्षक ते बघायला गेले. पहिलीच्या वर्गात मणीमाळ आहे, गणितपेटी आहे. हे सारे पाचवी-सहावीपर्यंत कसेबसे पोहोचते आणि मग बंद. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात चिंचोके दिले की आपल्याला तो त्याचा अपमान वाटतो. त्याला मात्र तसे वाटत नाही, हे मी वर्गात पाहिले आहे.

बालभारतीने यासाठी नवे पुस्तक काढू नये, नाहीतर त्याचेही गाईड निघेल. पाठ्यपुस्तके जशी आपण संकेतस्थळावर मोफत ठेवता तसेच या पटाचे दोन-चार कागद ठेवा, घरी किंवा झेरॉक्सवाल्याकडे छापता येतील असे. पटाचा नमुना, चालींची कार्डे, शिक्षकासाठी दोन पाने. धंदे जिथले तिथले असू द्यावेत. आमच्याकडे सुकेळी आणि बोट, डहाणूला चिकू, जव्हारला वारली चित्रे, कोल्हापूरला गूळ. तेवढी जागा कार्डावर कोरी सोडली की शिक्षक भरतील.

मंडळाने करायचे ते यापेक्षाही थोडे आहे. एक परिपत्रक हवे: गटाने खेळलेल्या डावाची हस्तलिखित पुस्तके प्रकल्प म्हणून स्वीकारली जातील. गुणांची वाटणी मी सुचवतो, आपण ती बदलावी. ८ गुण रोजकीर्द, खातेवही, तेरीज आणि ताळेबंद यांना, मग निकाल नफ्याचा असो वा तोट्याचा. ६ गुण तोंडी परीक्षेला, आपल्याच पटापुढे उभे राहून. शिक्षकाने एक चिठ्ठी हलवायची आणि विचारायचे, ‘आता दुसरी कोणती हलेल?’ उतरवलेली फाइल इथे उपयोगी पडत नाही. उरलेले ६ गुण चूक शोधण्याला. प्रत्येक गटाने आपल्या पुस्तकांत मुद्दाम एक चूक पेरायची आणि ती दुसऱ्या गटाने शोधायची. अट अशी की ती चूक होऊनही तेरीज जुळलेली असली पाहिजे. मांडवाची दुरुस्ती मांडवाच्या खात्यात घातलेली, एखादी उधार विक्री मुळात लिहिलीच नाही, एका ऋणकोची रक्कम दुसऱ्याच्या नावावर. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, हा समज मुलांच्याच काय, बऱ्याच मोठ्या माणसांच्याही डोक्यात पक्का बसलेला असतो. पतसंस्थांच्या सभासदांना तर तो फार महाग पडतो.

तोंडी परीक्षेला वेळ लागेल, हे मान्य. पण ऐंशी फाइलींवर लाल पेनाने सही करायलाही वेळ लागतोच. गटाला एकत्र उभे केले तर तो तितकाच लागावा. प्राचार्यांना परिपत्रकाची वाट बघायची नसेल तर अंतर्गत मूल्यमापनाच्या मर्यादेत एका तुकडीपुरते हे याच वर्षी करता येईल. कार्डशीट, कागद आणि छपाई मिळून एका गटाचा खर्च वडापावच्या दोन फेऱ्यांत बसतो, चिंचोके मी देईन. पटाचे कागद माझ्याकडे तयार आहेत. मंडळाने किंवा बालभारतीने मागितले तर मी ते घेऊन वाशीला येईन, पुण्यालाही येईन. फक्त अकरावीचे वर्ग भरायच्या आत बोलवावे. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच नियमांची घोकंपट्टी सुरू होते, आणि एकदा ती बसली की मुले पट बघून विचारतात, ‘सर, हे परीक्षेला आहे का?’

कळावे,

आपला,
वसईतला एक निवृत्त बी.के. शिक्षक